‘गरीब’ : एका परक्या विशेषणाची मराठी कुळकथा

शब्दांच्या व्युत्पत्तीचा विचार करताना आपण बहुधा नामांकडे वळतो. वस्तू परदेशातून आली आणि तिच्याबरोबर तिचे नाव आले, एवढे सांगितले की नामाची कथा बरीचशी संपते. बटाटा, पगार, चावी हे पोर्तुगीज पाहुणे असेच आपल्या घरात आले आणि फारसे न बदलता राहिले. विशेषणाचे तसे नसते. विशेषण उसने घेणारा समाज वस्तू घेत नाही, माणसाकडे पाहण्याची एक नजर घेतो; आणि नजर बदलली की विशेषणाचा अर्थही सरकतो. फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेल्या ‘नाइस’ या विशेषणाचे उदाहरण भाषाविज्ञानाच्या वर्गात नेहमी दिले जाते. लॅटिन ‘नेस्कियस’ म्हणजे ‘अज्ञानी’. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ होता ‘मूर्ख’. पुढे ‘चोखंदळ’, ‘काटेकोर’ असे टप्पे घेत अठराव्या शतकात तो ‘छान’ झाला. हे उदाहरण सांगून झाले की विद्यार्थी विचारतात, मराठीत असे काही आहे का? आहे, आणि ते इतके जवळचे आहे की सहसा नजरेत भरत नाही. तो शब्द म्हणजे ‘गरीब’.

आजच्या मराठीत या विशेषणाचे दोन अर्थ ठळकपणे वावरतात. ‘गरीब शेतकरी’, ‘गोरगरीब जनता’ असे आपण म्हणतो तेव्हा तो आर्थिक स्थितीचा वाचक असतो. ‘गरीब गाय’, ‘मुलगी स्वभावाने अगदी गरीब आहे’ असे म्हणतो तेव्हा पैशाचा संबंध सुटतो आणि ‘सौम्य, निरुपद्रवी, उलट न बोलणारा’ हा अर्थ पुढे येतो. सधन घरातली मुलगीही या दुसऱ्या अर्थाने खुशाल गरीब असू शकते. एकाच शब्दाने निर्धनता आणि सौम्यता दोन्ही सांगाव्यात, याचे आपल्याला काहीच वाटत नाही. या दोन्ही अर्थांच्या तळाशी तिसरा, आज मराठीतून पूर्णपणे लोपलेला अर्थ आहे, आणि तोच मूळचा आहे : परका.

‘गरीब’ हा अरबी शब्द. त्याच्या मुळाशी असलेल्या तीन व्यंजनांच्या धातूत दूर जाणे, नजरेआड होणे, मावळणे असा भाव आहे. सूर्य मावळतो ती दिशा आणि ती वेळ ‘मगरिब’. संध्याकाळच्या नमाजाला आणि अरबांच्या दृष्टीने पश्चिमेच्या टोकाला असलेल्या मोरोक्कोलाही हेच नाव. जो आपल्या मुलखापासून दूर गेला तो ‘गरीब’. म्हणजे हा शब्द माणसाच्या खिशाविषयी काही बोलत नव्हता. तो माणूस आणि त्याचे घर यांच्यातील अंतर सांगत होता. माणसाला लावलेले हे विशेषण शब्दांनाही लागू झाले. दुर्मिळ, अपरिचित शब्द तो ‘गरीब’ शब्द. नवव्या शतकातील पंडित अबू उबैद यांचा हदीसमधील अवघड शब्दांवरचा ग्रंथ ‘गरीब अल्-हदीस’ या नावाने प्रसिद्ध आहे. इस्लामचा आरंभ परकेपणात झाला आणि पुढेही तो तसाच परका होईल, अशा परक्यांचे भले असो, या आशयाचे एक वचनही परंपरेत आहे. सूफींनी त्यातून आणखी पुढचा अर्थ काढला. या जगात जो स्वतःला उपरा मानतो, ज्याचे खरे घर ईश्वरापाशी आहे, तो गरीब. परकेपण ही येथे साधकाची पायरी झाली.

परका माणूस जसा परका, तसाच तो वेगळा, चमत्कारिकही दिसतो. त्यामुळे ‘गरीब’चा अर्थ अरबी-फार्सीत ‘विचित्र, नवलाचा’ असाही झाला. हिंदी-उर्दूतील ‘अजीबोगरीब’ या जोडशब्दात तो अजून जिवंत आहे. तिथल्या ‘गरीब’चा दारिद्र्याशी संबंध नाही, हे तो शब्द वापरणाऱ्या अनेकांना जाणवतही नाही. तुर्कीत ‘गारिप’ म्हणजे आजही मुख्यतः चमत्कारिक. १९४१ साली ओरहान वेली आणि त्याच्या दोन कविमित्रांनी नेहमीच्या काव्यालंकारांना सोडचिठ्ठी देणाऱ्या कवितांचा संग्रह काढला, त्याचे नाव ‘गारिप’, आणि त्या चळवळीलाही तेच नाव पडले.

नेमका हाच प्रवास इंग्रजीतील ‘स्ट्रेंज’ या विशेषणाने केला आहे. लॅटिन ‘एक्स्ट्रा’ म्हणजे बाहेर. त्यावरून ‘एक्स्ट्रानेअस’ म्हणजे बाहेरचा. त्याचे जुन्या फ्रेंचमध्ये ‘एस्त्रांज’ झाले आणि तेराव्या शतकाच्या सुमारास ते इंग्रजीत आले. आरंभी त्याचा अर्थ ‘परदेशी’ होता. ‘विचित्र’ हा अर्थ मागाहून आला आणि त्याने पहिल्याला हुसकावून लावले. फ्रेंचने आपल्यापुरती वाटणी केली : ‘एत्रांज’ म्हणजे विचित्र आणि ‘एत्रांजे’ म्हणजे परका. इंग्रजीत मात्र घोळ राहिला. काम्यूच्या १९४२ च्या कादंबरीचे इंग्रजी भाषांतर १९४६ मध्ये निघाले, ते लंडनमध्ये ‘आउटसायडर’ आणि न्यूयॉर्कमध्ये ‘स्ट्रेंजर’ या नावाने. मराठीत त्या शीर्षकासाठी परका, तिऱ्हाईत, उपरा असे शब्द सुचतील. ‘गरीब’ कोणालाही सुचणार नाही. चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या दौलताबादेत किंवा बिदरमध्ये मात्र एखाद्या फार्सी लेखकाला तोच शब्द सर्वप्रथम सुचला असता.

हे केवळ कल्पनेने म्हणायचे कारण नाही. नाशिकहून वेरूळला जाणाऱ्याला पलीकडच्या खुलताबादेत शेख बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचा दर्गा दिसतो. निजामुद्दीन औलियांचे हे शिष्य महंमद तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली त्या धामधुमीत दख्खनमध्ये आले आणि १३३७ साली येथेच निवर्तले. तापीकाठच्या बुऱ्हाणपूरला त्यांचेच नाव आहे. त्यांच्या नावातील ‘गरीब’ वाचून आपण एखाद्या निष्कांचन फकिराची कल्पना करतो, पण त्यात घरापासून तुटलेला, जगात परका असलेला साधक हा सूफी अर्थ आधी आहे. अजमेरच्या ख्वाजा मोईनुद्दीन चिश्तींच्या ‘गरीब नवाज’ या बिरुदातही दोन अर्थांची सरमिसळ आहे. दूरदेशीच्या वाटसरूला आधार देणारा आणि दीनांना आधार देणारा, असे दोन्ही त्यात एकवटले आहेत.

बहमनी काळात तर हा शब्द थेट राजकारणात उतरला. १३४७ मध्ये स्थापन झालेल्या या राज्यात इराण, इराक, मध्य आशियातून येणाऱ्या सरदारांचा, व्यापाऱ्यांचा आणि विद्वानांचा मोठा गट तयार झाला. पिढ्यान्‌पिढ्या येथे असलेले ते ‘दख्खनी’. बाहेरून नव्याने आलेले ते ‘आफाकी’, ‘परदेशी’ किंवा ‘गरीब’. या दोन गटांतील वैराने बहमनी राज्य पोखरले. सुलतान अलाउद्दीन अहमदशहा दुसरा (१४३६–१४५८) याच्या कारकिर्दीत मलिक-उत्-तुज्जार खलफ हसन कोकणच्या मोहिमेवर गेला, तिथे मारला गेला, आणि वाचून चाकणला आश्रय घेतलेल्या परदेशी लोकांची पुढे दख्खनी सरदारांनी कत्तल घडवली, असे फिरिश्त्याने लिहून ठेवले आहे. १४८१ मध्ये ज्याचा शिरच्छेद झाला तो वजीर महमूद गवान इराणमधील गिलानचा, म्हणजे या परिभाषेत ‘गरीब’च. येथे गंमत लक्षात घेण्याजोगी आहे. मलिक-उत्-तुज्जार म्हणजे व्यापाऱ्यांचा राजा. हा किताब मिरवणारे, घोड्यांचा व्यापार करणारे, वजिरी भोगणारे लोक दख्खनच्या फार्सी बखरीत ‘गरीब’ आहेत, आणि त्यांच्या घोड्यांना दाणावैरण पुरवणारा इथला कुणबी ‘गरीब’ नाही. कारण तो आपल्या गावात होता.

मग हा अर्थ उलटा कसा झाला? परक्याचा निर्धन होण्यामागे एक सामाजिक तर्क आहे आणि तो अनेक भाषांत सापडतो. जर्मनमध्ये ‘एलेंड’ म्हणजे हाल, दैन्य. त्याच्या जुन्या रूपाचा अर्थ होता ‘परमुलूख’. इंग्रजीत ‘रेच’ म्हणजे अभागी जीव. जुन्या इंग्रजीत तो ‘हद्दपार झालेला’ होता. ज्या समाजात माणसाचे अन्न, संरक्षण आणि न्याय त्याच्या नात्यागोत्यातून मिळतो, तिथे नातेगोते मागे टाकून आलेला माणूस आज ना उद्या दुसऱ्याच्या दारात उभा राहतो. कुराणात जकातीचे जे आठ हक्कदार सांगितले आहेत, त्यांत फकीर आणि मिस्कीन यांच्या रांगेत वाटसरूही आहे. हिंदुस्थानच्या फार्सीत आणि हिंदुस्थानीत ‘गरीब’चा हा दुसरा अर्थ बळावत गेला. त्याच्याच कुळातील ‘गुर्बत’ हा शब्द इक्बालच्या १९०४ च्या सुप्रसिद्ध तराण्यात ‘परदेशवास’ या अर्थाने आला आहे. आजच्या हिंदी-उर्दूत तो ऐकला की बहुतेकांच्या मनात ‘दारिद्र्य’ येते. खुद्द इराणात मात्र ‘गरीब’ अजूनही अनोळखी माणूसच आहे. निर्धनाला तिथे ‘फकीर’ म्हणतात.

आपल्याकडे शब्दांची अदलाबदल झाली ती येथे. अरबीत जो निर्धन तो ‘फकीर’, मराठीत फकीर झाला झोळी घेतलेला साधू. अरबीत जो परका तो ‘गरीब’, मराठीत गरीब झाला निर्धन. ‘मिस्कीन’ तर आणखी दूर फिरला. दीन या अर्थाचा हा शब्द अरबांबरोबर युरोपात गेला आणि फ्रेंचमध्ये ‘मेस्कॅं’ म्हणजे क्षुद्र, कोत्या मनाचा असा झाला. दीनाला एका समाजाने साधू केले, दुसऱ्याने कद्रू केले. शब्द बदलतात तेव्हा त्यांच्यामागे असे निवाडे झालेले असतात.

मराठी मुलखात ‘गरीब’चा अर्थ पालटायला येथील गावगाड्याची रचना पोषक होती, असे आम्हांला वाटते. याचा दाखला आणखी एका अरबी शब्दात मिळतो. ‘वतन’ म्हणजे मूळ अर्थाने राहते ठिकाण, मायभूमी. ‘गरीब’चा हा विरुद्धार्थी शब्द. जो वतनात नाही तो गरीब. मराठीत मात्र ‘वतन’ म्हणजे गावातला वंशपरंपरागत हक्क झाला : पाटीलकीचे वतन, कुलकर्ण्याचे वतन, महारकीचे वतन. जन्मभूमी हा शब्द येथे हक्काच्या कागदात शिरला. जमिनीच्या बाबतीतही तसेच. वंशपरंपरेने जमीन कसणारा तो मिरासदार, बाहेरून येऊन कसणारा तो ‘उपरी’. एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखावर १८१९ मध्ये लिहिलेल्या अहवालात या दोन वर्गांची दखल घेतली आहे. उपऱ्याला जमिनीवर कायमचा हक्क नव्हता आणि मिरासदाराचा गावातला मानही नव्हता. अशा व्यवस्थेत वतन नसणे म्हणजे केवळ घरापासून दूर असणे नव्हते. हक्काचे उत्पन्न नसणे होते. ‘बाहेरचा’ आणि ‘नसलेला’ यांच्यातील अंतर येथे फारच थोडे होते. परका अर्थ विरून निर्धन अर्थ उरला, तो अशा जमिनीत सहज रुजला.

आता इंग्रजीतील दुसऱ्या फ्रेंच विशेषणाशी तुलना करून पाहू. ‘गरीब’ला आपण सरसकट ‘पुअर’ हा प्रतिशब्द देतो. तो लॅटिन ‘पॉपेर’पासून जुन्या फ्रेंचमधील ‘पोव्र’मार्गे इंग्रजीत आला. ‘पॉपेर’ची फोड व्युत्पत्तिकार ‘थोडे निपजवणारा’ अशी करतात. म्हणजे ‘पुअर’ हा उत्पन्नावरून घडलेला शब्द आहे, ‘गरीब’ हा आपलेपणावरून. एकाच्या मते दारिद्र्य म्हणजे कमी पिकणे. दुसऱ्याच्या मते दारिद्र्य म्हणजे कुणाचा नसणे. पुढे दोघांचे रस्तेही वेगळे झाले. ‘पुअर’ला ‘निकृष्ट’ हा अर्थ चिकटला. इंग्रजीत काम, तब्येत, हस्ताक्षर काहीही ‘पुअर’ असू शकते. मराठीत हस्ताक्षर गरीब होत नाही, कामगिरी गरीब होत नाही. भाषांतराच्या पेपरात असा प्रयोग आढळला तर तो शब्दशः उतरवलेला आहे हे लगेच ओळखू येते. मराठीने ‘गरीब’ला निकृष्ट केले नाही, तिने त्याला सुशील केले.

हे सुशीलपण वरवर पाहता मराठीच्या सहृदयतेचे लक्षण वाटते, आणि काही अंशी ते तसे आहेही. शेजारचे शब्द तपासले म्हणजे हे ध्यानात येते. ‘दरिद्री’ म्हटले की शिवी होते. ‘निर्धन’ पुस्तकी आहे. ‘रंक’ला समोर राव लागतो. ‘दीन’ देवापुढे हात जोडूनच उभा राहतो. कोणाची अवहेलना न करता त्याची स्थिती सांगणारा, रोजच्या बोलण्यातला शब्द ‘गरीब’ हाच. म्हणूनच तो टिकला. शिवकाळात रघुनाथपंत हणमंत्यांच्या राज्यव्यवहारकोशाने दरबारी फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. विसाव्या शतकात आमच्याच जिल्ह्यातल्या भगूरच्या सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. १९२५ मध्ये फार्शी-मराठी कोश सिद्ध करणारे माधव जूलियनही पुढे त्या पक्षाला मिळाले. या साऱ्यातून ‘गरीब’ सुखरूप बाहेर पडला. ‘परका’ हाच ज्याचा अर्थ, तो शब्द मराठीत कुणाला परका वाटेनासा झाला होता.

पण या सहृदयतेची दुसरी बाजू पाहिल्यावाचून ही कथा पुरी होत नाही. निर्धन आणि निमूट या दोन अर्थांना एका शब्दात बांधले की निर्धनाने निमूट असावे ही अपेक्षाही त्यात बांधली जाते. गरीब माणूस गरीब स्वभावाचा असेल तोवर त्याच्याविषयी कणव वाटते. तो हक्काने काही मागू लागला की ‘गरीब’ हे विशेषण त्याच्यावरून अलगद काढून घेतले जाते आणि ‘माजला’ हे क्रियापद तयारच असते. उत्पन्न तेवढेच राहते, जमीन तेवढीच राहते; शब्द मात्र बदलतो. सुनेच्या बाबतीतही हेच घडते. ‘गरीब गाय’ ही तिची स्तुती असते, आणि त्या स्तुतीत तिने कधी शिंग उगारू नये ही अट गृहीत असते.

नाशिकच्या वाचकाला या संदर्भात २ मार्च १९३० हा दिवस आठवावा. त्या दिवशी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि भाऊराव गायकवाडांसारख्या कार्यकर्त्यांनी तो पुढे वर्षानुवर्षे नेटाने चालवला. त्या दाराशी उभे असलेले हजारो लोक आर्थिक अर्थाने बहुतेक गरीबच होते; पण ते दान मागायला आले नव्हते. ते याच मातीतले असून त्यांना बाहेरचे ठरवण्यात आले होते. दूरदेशीहून न येताही माणसाला परका करता येते, ही आपल्या समाजाची खास किमया. अरबी ‘गरीब’ला किमान कुठेतरी एक वतन होते, जिथून तो निघाला होता. गावकुसाबाहेरच्या माणसाचे परकेपण त्याच्या वतनातच सुरू होत होते. महारकीला तर ‘वतन’ हेच नाव होते.

त्याच वर्षी नाशिकजवळच्या विहितगावात बाबूराव बागूल जन्मले. त्यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या कथेतला तरुण नोकरीसाठी परगावी जातो, राहायला खोली मिळावी म्हणून जात लपवतो आणि ती उघडी पडताच मार खातो. ‘गरीब’च्या अर्थाचे सारे थर या कथेत एकत्र येतात. तो परगावचा आहे, तो निर्धन आहे. फक्त निमूटपणा हा तिसरा थर बागुलांचा नायक मनातून नाकारतो. पुढे १९८० मध्ये लक्ष्मण माने यांनी कैकाडी समाजातील आपल्या आयुष्याची कहाणी लिहिली आणि तिला नाव दिले ‘उपरा’. दुसऱ्याच वर्षी तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्या पुस्तकात पानोपानी भूक आहे. तरीही शीर्षकात दारिद्र्याचा शब्द नाही, परकेपणाचा आहे. जो अर्थ ‘गरीब’ने मराठीत गमावला, तो ‘उपरा’ या देशी शब्दाने परत मिळवून दिला, असे म्हणता येईल. ‘गरीब’ म्हणवणारा कणव जागी करतो. ‘उपरा’ म्हणवणारा ऐकणाऱ्याला विचारतो की मला बाहेर ठेवले कोणी.

सरकारी भाषेने या दोन्हींपासून अंतर राखले. १९७१ च्या निवडणुकीत ‘गरिबी हटाओ’ ही घोषणा गाजली. त्याच वर्षी पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरचा अभ्यास पुस्तकरूपाने आला. मराठी कारभाराने मात्र मोजमापासाठी ‘दारिद्र्यरेषा’ हा शब्द पत्करला, आणि २०१९ च्या घटनादुरुस्तीनंतर ‘आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक’ हा शब्दप्रयोग आरक्षणाच्या चर्चेत रुळला. त्यातला ‘दुर्बल’ पुन्हा माणसाच्या अंगच्या गुणाकडेच बोट दाखवतो, त्याला दुर्बल करणाऱ्या व्यवस्थेकडे नाही.

व्युत्पत्ती सांगितली म्हणून शब्दाचा आजचा अर्थ बदलत नाही. उद्या कोणी ‘गरीब’चा मूळ अर्थ परका आहे म्हणून तो तसा वापरू लागला, तर तो केवळ हट्ट ठरेल. साहित्याच्या अभ्यासकाला या कुळकथेचा उपयोग वेगळा आहे. मराठी कथा-कादंबरीत ‘गरीब’ हे विशेषण जिथे जिथे येते, तिथे लेखक ते पैशाविषयी वापरतो आहे की स्वभावाविषयी, आणि एकाच्या आडून दुसरे सुचवतो आहे का, हे तपासून पाहावे. आणि मूळ अर्थातला प्रश्नही त्या वाक्याला विचारून पाहावा : हा माणूस कशापासून दूर आहे, आणि ते अंतर कोणी पाडले? चांगल्या कलाकृतीत याचे उत्तर बहुधा पुढच्याच परिच्छेदात असते. जिथे ते नसते, तिथे लेखकाने आपल्या पात्राला गरीब म्हणून मोकळे होणे पसंत केले, एवढे तरी कळते.